उत्तर कोणी द्यायचे?

डॉक्टरांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. एका खुर्चीवर चाळिशीकडे झुकलेला मुलगा, दुसरीवर सत्तरी ओलांडलेली आई. "पोटात कुठे दुखते?" असे डॉक्टर विचारतात. प्रश्न मुलाच्या पोटाविषयीचा असतो, पण नजर आईकडे असते आणि उत्तरही आईच देते. ज्या घरात बौद्धिक अक्षमता असलेले अपत्य आहे, तेथील वाचकांना हे दृश्य वेगळे सांगायला नको. आईचे उत्तर बहुतेक वेळा अचूकही असते. चाळीस वर्षांच्या सहवासाने तिला मुलाच्या चेहऱ्यावरची प्रत्येक आठी वाचता येते. परंतु आईची खुर्ची एके दिवशी रिकामी होणार, ही गोष्ट आईला ठाऊक असते. त्यानंतर पोट दुखले तर कोण सांगेल, या विचाराने तिला रात्री झोप लागत नाही.

आज ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधायचे आहे, तो प्रथमदर्शनी या काळजीपासून फार दूरचा वाटेल. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींना संशोधन करण्याचे शिक्षण देणे, हा तो विषय. ज्याला दहा रुपयांच्या सुट्ट्यांचा हिशेब जमत नाही, तो संशोधन काय करणार, असे आपल्या मनात आले असेल, तर ते स्वाभाविक आहे. संशोधन म्हटले की प्रयोगशाळा, आकडेमोड आणि जाडजूड प्रबंध डोळ्यांसमोर येतात. पण संशोधनाचा गाभा साधा आहे. आपल्याला एक गोष्ट ठाऊक नाही, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना नीट विचारायचे, त्यांचे म्हणणे जपून ठेवायचे आणि त्यातून काय निघाले ते इतरांना सांगायचे. संस्थेत राहणाऱ्या माणसाला तेथे कसे वाटते, हे जर जाणून घ्यायचे असेल, तर ते विचारायला त्या वाटेने गेलेला माणूसच अधिक योग्य नाही काय?

या विचारापर्यंत येण्यास जगाला बराच काळ लागला, आणि त्याआधीचा इतिहास लाजिरवाणा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फर्नाल्ड नावाची निवासी शाळा होती. मतिमंद ठरवलेली मुले तेथे ठेवली जात. त्यांतील कित्येक तर केवळ निराधार किंवा गरीब घरची होती. 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि 1950 च्या दशकाच्या आरंभी तेथील काही मुलांना न्याहारीच्या ओटच्या लापशीतून आणि दुधातून किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अंश दिले गेले. शरीरात लोह आणि कॅल्शियम कसे शोषले जाते, हे पाहण्यासाठी एमआयटी या नामांकित संस्थेने हा प्रयोग केला होता आणि क्वेकर ओट्स कंपनीचा त्याला हातभार होता. मुलांसाठी 'सायन्स क्लब' काढण्यात आला. क्लबात आले की जास्तीचे दूध मिळे आणि बेसबॉलचा सामना पाहायला जाता येई. पालकांना पत्रे गेली, त्यांत पौष्टिक आहाराचा उल्लेख होता, किरणोत्साराचा नव्हता. दिलेली मात्रा अल्प होती, असे पुढे चौकशीत दिसून आले. पण ज्यांच्या वाडग्यात ती पडली, त्यांना कोणी विचारले नव्हते. 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्या काळातील किरणोत्सारी प्रयोगांना बळी पडलेल्यांची जाहीर क्षमा मागितली आणि फर्नाल्डच्या मुलांना पुढे न्यायालयीन तडजोडीतून 18 लाख 50 हजार डॉलरची भरपाई मिळाली. तोवर ती मुले साठीच्या आसपास पोचली होती.

स्वीडनमधील व्हिपेहोल्म या संस्थेत त्याच सुमारास बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांना दातांना चिकटून राहील अशी मुद्दाम बनवलेली टॉफी रोज खायला दिली गेली. साखरेने दात किडतात का, हे पाहायचे होते. अनेकांचे दात पार गेले. तेथील मुलांना फक्त शनिवारी गोड खाऊ देण्याची जी प्रथा आजही आहे, तिच्यामागे याच प्रयोगातून निघालेला सल्ला आहे. जगाला दातांच्या आरोग्याचे ज्ञान मिळाले. ज्यांचे दात गेले त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

दोन्ही ठिकाणी संशोधन झाले ते 'त्यांच्यावर'. ते 'त्यांच्याबरोबर' व्हावे, ही मागणी पुढे स्वतः त्या व्यक्तींकडूनच आली. 1974 मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात बौद्धिक अक्षमता असलेल्या काही प्रौढांनी एकत्र येऊन आपली परिषद भरवली. आम्हाला मंदबुद्धी म्हणू नका, आम्ही आधी माणसे आहोत, हे त्यांचे म्हणणे होते आणि त्यातूनच 'पीपल फर्स्ट' हे चळवळीचे नाव पडले. ही चळवळ ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे करीत पसरली. ब्रिटनच्या जॅन वॉम्सली यांनी 2001 च्या सुमारास या नव्या पद्धतीच्या अभ्यासाला 'समावेशक संशोधन' हे नाव दिले. त्यांची अट थोडक्यात अशी : विषय त्या व्यक्तींच्या जिव्हाळ्याचा असावा, संशोधनातून त्यांचे काही भले व्हावे, आणि विषय ठरवण्यापासून निष्कर्ष सांगण्यापर्यंत कामात त्यांचा हात असावा.

हात असावा म्हणणे सोपे, पण त्यासाठी शिकवायला हवे. लंडनच्या किंग्स्टन विद्यापीठात आयरीन टफ्री-वाइने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा व्यक्तींसाठी संशोधन-कौशल्यांचा अभ्यासक्रम तयार केला आणि 2020 मध्ये त्याचा अनुभव प्रसिद्ध केला. अभ्यासक्रम आखणाऱ्यांत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीही होत्या. पुढे त्या विद्यापीठात अशा व्यक्ती पगारी संशोधक म्हणून कामालाही लागल्या. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण वर्षानुवर्षे त्यांचा सहभाग चहा-बिस्किटांवर आणि प्रशस्तिपत्रावर भागवला जात असे.

अशा वर्गांत काय शिकवले जाते, ते आपल्या ओळखीच्या उदाहरणांनी पाहू. 'संशोधनाचा प्रश्न' म्हणजे काय, हे व्याख्येने शिकवता येत नाही. वर्गातील मंडळींना चहा अधिक आवडतो की कॉफी, हे शोधून काढायला सांगितले की हातात कागद घेऊन माणूस आपोआप एकेकाकडे जातो, चहाच्या चित्राखाली रेघ ओढतो, कॉफीच्या चित्राखाली रेघ ओढतो आणि शेवटी रेघा मोजतो. सर्वेक्षण झाले. मग शिक्षक विचारतो, "कॉफी का आवडते, हे या रेघांतून कळले का?" नाही कळले. त्यासाठी बसून बोलावे लागेल. येथून मुलाखतीचा धडा सुरू होतो. जोडी करून एकमेकांना प्रश्न विचारायचे, समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचे नाही, उत्तर ध्वनिमुद्रित करायचे. लिहिता-वाचता येण्याची अट कोठेच नाही. मुद्रण पुन्हा ऐकून कोणत्या गोष्टी वारंवार आल्या, ते चित्रांच्या चिठ्ठ्यांची ढिगांत मांडणी करून शोधता येते. सोबतीला एक साहाय्यक असतो. त्याने लिहून द्यायचे, वाचून दाखवायचे. विचार मात्र त्याने करायचा नाही. जाणकार सांगतात की साहाय्यकाला आवरणे हेच या साऱ्यात सर्वांत कठीण असते. पालकांना याचे नवल वाटणार नाही.

वर्गात दोन धडे फार काळ चालतात. पहिला गोपनीयतेचा. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेले आपण बसमध्ये, कट्ट्यावर सांगायचे नाही. पण कोणी मारहाण करते असे कळले, तर मात्र लपवायचे नाही, जबाबदार माणसाला सांगायचे. हा फरक आपल्यापैकी भल्याभल्यांना जमत नाही, आणि तो शिकलेला माणूस स्वतःवर तशी वेळ आली तर बोलण्याचा संभव कितीतरी अधिक.

दुसरा धडा संमतीचा. 'हो' म्हणता येणे पुरेसे नसते, 'नाही' म्हणता आले पाहिजे, आणि आधी 'हो' म्हटले असले तरी मध्येच 'आता पुरे' म्हणता आले पाहिजे. यासाठी पुष्कळ ठिकाणी लाल कार्ड वापरतात. मुलाखत देणाऱ्याच्या हाताशी ते ठेवलेले असते. ते उचलले की प्रश्न तेथेच थांबतात, कारण विचारले जात नाही. सहसंशोधक होऊ पाहणाऱ्याने आधी ते स्वतः उचलून पाहायचे असते. आयुष्यभर ज्याने इतरांच्या सूचना पाळल्या, त्याला आपण कार्ड उचलले आणि समोरचा शिकला-सवरलेला माणूस खरोखर थांबला, हे पाहणे एक मोठा अनुभव ठरतो.

संमतीवर एवढा भर का, हे समजण्यासाठी एक जुना अभ्यास उपयोगी आहे. 1981 मध्ये अमेरिकेतील कॅरल सिगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेक व्यक्तींना 'तुम्ही बहुधा आनंदी असता का?' असे विचारले तर त्या 'हो' म्हणतात, आणि थोड्या वेळाने 'तुम्ही बहुधा दुःखी असता का?' असे विचारले तरी 'हो'च म्हणतात. याला आपल्याकडे होला हो करणे म्हणतात. त्यात खोटेपणा नसतो. प्रश्न लांब असतो, विचारणारा मोठा माणूस असतो, 'नाही' म्हटले की लोक रागावतात असा लहानपणापासूनचा अनुभव असतो, आणि 'हो' म्हटले की प्रश्न संपतात. आता हे दवाखान्यात लावून पाहा. "छातीत दुखते का?" हो. "पोटात दुखते का?" हो. "गोळ्या घेतल्या ना?" हो. अशा उत्तरांवर कोणता डॉक्टर निदान करील? मग तो आईकडे वळतो, आणि आपण जेथून आरंभ केला त्या दोन खुर्च्यांचे कारण येथे सापडते.

संशोधनाच्या शिक्षणात माणूस टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. प्रश्न विचारण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि त्यामुळे प्रश्नाला एकाहून अधिक उत्तरे असू शकतात, उत्तर चुकीचे नसते, 'माहीत नाही' हेही उत्तर असते, हे त्याला आतून उमगते. माझ्या मते या शिक्षणाचा खरा लाभ येथे आहे. त्यातून विद्यापीठात जाणारे थोडेच निघतील. परंतु आपल्याला काय होते ते सांगू शकणारे, न पटलेल्याला नकार देणारे पुष्कळ निघू शकतात, आणि पालकांना आपल्या मागे नेमके तेच हवे असते.

या कामाची निकड वाढत चालली आहे, कारण ही मंडळी आता म्हातारी होऊ लागली आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान अमेरिकेत 1983 मध्ये सुमारे 25 वर्षे होते, ते आज 60 च्या घरात आहे. आपल्याकडे पुण्याची 'कामायनी' 1964 मध्ये आणि मुंबईची जय वकील संस्था त्याच्याही वीस वर्षे आधी, 1944 मध्ये सुरू झाली. कामायनीत आरंभी आलेल्या वयाची मुले आज ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीस पात्र ठरतील. 2011 च्या जनगणनेत देशात अशा सुमारे 15 लाख व्यक्तींची नोंद झाली. जनगणनेत त्यांच्यासाठी वापरलेला 'मतिमंद' हा शब्द नव्या कायद्याने मागे टाकला. शाळांच्या पाट्यांवर तो अजून आहे. त्यांचे म्हातारपण कसे असते, याविषयी आपल्याला फार थोडे ठाऊक आहे, कारण त्यांना विचारलेलेच नाही.

आयर्लंडने विचारले. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने वृद्धत्वाच्या राष्ट्रीय अभ्यासाला जोडून बौद्धिक अक्षमता असलेल्या 40 वर्षांवरील व्यक्तींचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. पहिल्या फेरीत 753 जण सहभागी झाले. प्रश्नावली आणि माहितीपत्रके त्यांना समजावीत म्हणून ती तयार करताना अशाच व्यक्तींचा सल्ला घेण्यात आला, आणि जेथे शक्य तेथे उत्तर स्वतः त्या व्यक्तीकडून घेण्यात आले. पुढच्या फेरीत टाचेच्या हाडाची ध्वनिलहरींनी तपासणी केली, तेव्हा कित्येकांची हाडे विरळ झाल्याचे दिसले, आणि त्यांतील बहुतेकांना डॉक्टरांनी तसे कधी सांगितलेले नव्हते. पालक वाचकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. आपले अपत्य चाळिशीत असेल, बैठे आयुष्य असेल, विशेषतः फिट्सची औषधे अनेक वर्षे चालू असतील, तर हाडांच्या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. डाउन सिंड्रोममध्ये स्मृतिभ्रंशही लवकर, चाळिशी-पन्नाशीत सुरू होऊ शकतो. 'आता फार हट्टी झाला आहे' म्हणून सोडून देऊ नये.

ब्रिटनमध्ये 2020 नंतर झालेल्या एका प्रकल्पात वयस्कर होत चाललेल्या व्यक्ती आणि त्यांचे वृद्ध पालक यांच्या पुढच्या आयुष्याच्या आखणीचा अभ्यास झाला. बौद्धिक अक्षमता असलेले सहसंशोधक त्यात होते. या कामातून घरी बसून बोलता येईल अशी कार्डे तयार झाली. कोठे राहायला आवडेल, कोणाबरोबर, आपल्या कोणत्या वस्तू सोबत हव्यात, अशा गोष्टी त्यांवरून निघतात. त्याच देशात मनोविकारतज्ज्ञ शीला हॉलिन्स यांनी 1989 पासून शब्दांवाचून केवळ चित्रांतून गोष्ट सांगणारी पुस्तके काढली. आरंभीच्या पुस्तकांचे विषय होते बाबांचे जाणे आणि आईचे जाणे. आपण हा विषय घरात टाळतो. "त्याला काय कळणार" असे म्हणतो, पण अनेकदा आपल्यालाच बोलवत नाही म्हणून तसे म्हणतो.

या साऱ्यावर आक्षेप नाहीत असे नव्हे. मेलनी निंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये एक मार्मिक शंका उपस्थित केली. शिक्षण देऊन आपण या व्यक्तींना विद्यापीठातील संशोधकांच्या छोट्या प्रतिकृती तर बनवत नाही ना? त्यांची वेगळी नजर हेच त्यांचे बळ, आणि तेच शिकवण्याच्या भरात घासून गुळगुळीत व्हायचे. दुसरा आक्षेप नावापुरत्या सहभागाचा. छायाचित्रात पुढे उभे करायचे आणि निर्णय मागे बसून घ्यायचे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. तिसरी गोष्ट पालकांनी स्पष्टपणे म्हणावी अशी आहे. ज्यांना मुळीच बोलता येत नाही, ज्यांची अक्षमता तीव्र आहे, त्यांच्यापर्यंत ही वाट अजून नीटशी पोचलेली नाही. त्यांच्या बाबतीत आईचे, बहिणीचे, वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मावशीचे शब्दच आधार राहतील, आणि समावेशाच्या उत्साहात त्या शब्दांना कमी लेखणे अन्यायाचे होईल.

घरात यातले काय करता येईल? 'पोहे खाणार का?' असे विचारले तर 'हो' येईल. पोह्यांची आणि उपम्याची ताटली पुढे ठेवून 'कोणते?' असे विचारावे. दुसऱ्या दिवशी ताटल्यांच्या जागा बदलाव्यात, कारण शेवटी दाखवलेले किंवा उजव्या हाताचे उचलण्याची सवय असू शकते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे, तोवर बोलू नये. हे दहा आकडे फार लांब वाटतात. दिवसातून एखादा तरी नकार मानावा. आज अंघोळीनंतर तो शर्ट नको म्हटले, तर नको. दवाखान्यात जाण्यापूर्वी शरीराचे साधे चित्र काढून कोठे दुखते तेथे बोट ठेवायचा सराव घरी करावा, आणि डॉक्टरांना विनंती करावी की पहिला प्रश्न त्यालाच विचारा, मी नंतर भर घालीन. दम्याचा, हृदयविकाराचा किंवा तापाचा तातडीचा प्रसंग असेल तेव्हा अर्थातच हा सराव बाजूला ठेवून आपणच बोलावे.

शेवटी कायद्याविषयी. महाविद्यालयांतील विद्यार्थी, संस्था, औषध कंपन्या यांच्याकडून अशा मुलांविषयी माहिती घेण्यासाठी पालकांकडे विचारणा होते, आणि आपण भिडेपोटी सही करतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या सहाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे, की दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून माहिती देऊन तिची स्वतःची मुक्त संमती घेतल्याखेरीज तिच्यावर कोणतेही संशोधन करता येणार नाही. त्यासाठी शासनाने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही लागते, आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असले पाहिजेत. तेव्हा पुढच्या वेळी कोणी कागद घेऊन दारात आले, तर त्यांना बसवून चहा द्यावा आणि विचारावे : समितीची परवानगी दाखवा, माहितीपत्रक सोप्या मराठीत, चित्रांसह आहे का, मध्येच थांबायचे असेल तर माझ्या मुलीने काय करायचे, तिच्या वेळेचा मोबदला तिच्या हातात देणार का, आणि अभ्यास संपल्यावर काय निघाले, ते सांगायला तुम्ही तिच्याकडे परत येणार का. मग कागद तिच्यापुढे ठेवावा.